शाया, शाळा आणि शाला



गेल्या आठवड्यात नातीचं नवं सत्र सुरू झालं. म्हणजे खरं तर ते १ एप्रिललाच सुरू झालं होतं. आमच्या मध्यप्रदेशात आता सत्र एप्रिलमध्ये उघडतं, मुलं महिनाभर जातात, मे महिन्यात सुट्टी लागते आणि जूनच्या मध्यात पुन्हा दप्तर खांद्यावर. नागपूरच्या नातवांची शाळा मात्र जूनच्या शेवटच्या आठवड्यात. विदर्भातलं ऊन पाहून तिकडे उर्वरित महाराष्ट्राच्या नंतर शाळा उघडतात. त्यामुळे एकाच घरातली भावंडं, पण सुट्ट्या जुळवताना सुनांची तारांबळ. सौंसरहून नागपूर सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर, पण मधे राज्याची सीमा आहे आणि ती सगळ्यात आधी शाळेच्या कॅलेंडरात दिसते.

तर नातीचा फॉर्म मुलानं भरला होता. इंग्रजी माध्यम, इयत्ता पहिली. त्याची झेरॉक्स टेबलावर पडली होती म्हणून मी सवयीनं वाचली. बँकेत चाळीसेक वर्षं काढलेल्या माणसाला कुठलाही फॉर्म दिसला की आधी रिकामे रकाने शोधायची सवय असते. रिकामा एकही नव्हता. पण ‘मातृभाषा’ या रकान्यापुढे लिहिलं होतं : हिंदी.

मी मुलाला विचारलं, ‘‘हे काय रे?’’ तो म्हणाला, ‘‘बाबा, काउंटरवर घाई होती. आणि काय फरक पडतो?’’

काय फरक पडतो, याचं उत्तर माझ्याकडे लगेच नव्हतं. होतं ते सांगायचा मला अधिकार आहे का, हाही प्रश्न होता. म्हणून हे लिहायला बसलो. थोडा इतिहास आहे, थोडं घरचं आहे. आपल्या भागातल्या बऱ्याच घरांत हेच झालं असेल.

माझा जन्म १९५० चा. पहिलीत नाव घातलं ते १९५६ च्या जुलैत. तेव्हा आमच्याकडे शाळा जुलैलाच उघडायच्या. मृगाचा पाऊस पडून गेलेला, पेरण्या आटोपत आलेल्या, डोक्यावर पोत्याची खोळ, हातात पाटी. आजी दारात उभी राहून म्हणाली, ‘‘जाय बापू शायेत. शिकला तं सायेब होशीन.’’ आमच्या बोलीत ळ नाही, य आहे. डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया, शाळा म्हणजे शाया. गुरुजींनी पहिल्याच दिवशी दुरुस्त केलं, ‘‘शाया नाही, शाळा म्हण.’’ तिथून शिक्षणाला सुरुवात झाली.

त्या जुलैत आमची राजधानी नागपूर होती. आजच्या पिढीला हे सांगावं लागतं. सौंसर, पांढुर्णा हा मुलूख आधी देवगडच्या गोंड राजांचा. देवगडचा किल्ला आजही आपल्या शेजारी छिंदवाडा जिल्ह्यात उभा आहे. त्याच देवगडच्या बख्त बुलंद शाहानं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला नागपूर वसवलं. म्हणजे आम्ही नागपूरचे, असं म्हणण्यापेक्षा नागपूर आमचं, असं म्हणायला जागा आहे. पुढे देवगडचं राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेलं. १८५३ मध्ये तिसरे रघुजी वारले, दत्तक नामंजूर झाला आणि राज्य इंग्रजांनी खालसा केलं. १८६१ मध्ये मध्यप्रांत झाला, त्याचीही राजधानी नागपूर. नंतर वऱ्हाड जोडलं गेलं, तरी राजधानी नागपूर. स्वातंत्र्यानंतर त्या प्रांताचं नाव मध्यप्रदेश झालं, पंडित रविशंकर शुक्ल मुख्यमंत्री, तेही नागपुरातच. त्या जुन्या मध्यप्रदेशात हिंदी आणि मराठी अशा दोन्ही राजभाषा होत्या. कोर्ट, कचेरी, मोठं इस्पितळ, लग्नाचा बस्ता, सगळं नागपुरात. सौंसरहून छोट्या लाइनीची गाडी थेट इतवारीला जायची. लोक तिला नुसतं ‘छोटी’ म्हणायचे.

मग आली राज्य पुनर्रचना. फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि पणिक्कर यांच्या आयोगाचा अहवाल सप्टेंबर १९५५ चा. त्यांनी आठ मराठी जिल्ह्यांचा वेगळा विदर्भ सुचवला होता. तो झाला नाही, ते आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. पण आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. आयोगानं साधारणपणे जिल्हा हा घटक धरला. छिंदवाडा जिल्हा एकूण धरला तर हिंदी आणि गोंडी बोलणारा. त्याच्या दक्षिणेची सौंसर तहसील मराठी, पण तहसील म्हणजे जिल्हा नव्हे. बेरजेत आमची रक्कम दिसलीच नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नवा मध्यप्रदेश झाला, राजधानी भोपाळ. दिवाळीचे दिवस होते. माझ्या बाबांचं, अडत्याकडे दिवाणजी होते ते, एक वाक्य घरात नंतर खूप वर्षं चाललं : ‘‘आपण जिथल्या तिथंच रायलो, राजधानी उठून गेली.’’ सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवरची राजधानी तीनशेच्या पुढे गेली. आम्हा पोरांना एवढंच कळलं की दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा गुरुजींनी फळ्यावर राजधानीचं नाव पुसून नवीन लिहिलं आणि आम्ही ते मोठ्यानं म्हटलं.

पुढच्या वर्षी आणखी एक बदल. १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले. पहिलीत आम्ही सोळा आण्यांचा रुपया शिकलो, दुसरीत शंभर नव्या पैशांचा. पाठोपाठ शेर-छटाक जाऊन किलो-ग्रॅम आले. दोन वर्षांत राज्य बदललं, नाणी बदलली, वजनं बदलली. पाढे तेवढे बदलले नाहीत. बे एके बे पासून तिसापर्यंत, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी. संध्याकाळी ओसरीवर बसून म्हणायचे. बाबा हिशेबाची वही लिहिता लिहिता नुसतं ‘हूं’ म्हणायचे. चुकलो की ‘हूं’ यायचा नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

मराठी प्राथमिक शाळा होत्या, चांगल्या चालायच्या. प्रश्न पुढचा होता. आमच्या घराजवळच्या मिडलमध्ये शिकवणं हिंदीत होऊ लागलं होतं आणि पुढची सगळी वाट हिंदीचीच दिसत होती. १९६१ च्या उन्हाळ्यात आमच्या घरात रोज रात्री हीच चर्चा. दादाला आधीच मामांनी नागपूरला नेलं होतं, तो तिथं मराठीतून शिकत होता. मामांचं घर दोन खोल्यांचं, स्वतःची चार मुलं. आणखी एक पोर पाठवणं माणुसकीला धरून नव्हतं. तेव्हा मी हिंदीत जायचं ठरलं.

ताई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, अभ्यासात माझ्यापेक्षा कितीतरी हुशार. ती १९५९ मध्येच हिंदी मिडलला गेली होती आणि पहिल्याच वर्षी नापास झाली होती. गणितात नाही, हिंदीत. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच. १९६१ मध्ये माझं नाव घालायला बाबा निघाले तेव्हा ताई म्हणाली, ‘‘बाबा, मले मराठीत देऊ द्या ना पेपर. मले येते सगळं.’’ बाबा काही बोलले नाहीत. माय म्हणाली, ‘‘आता पुरे झालं, पोरीच्या जातीले कायले एवढं.’’

तर त्या वर्षीच्या नव्या सत्रात आमच्या घरातली तीन मुलं तीन दिशांना गेली. दादा नागपूरच्या मराठी शाळेत, मी हिंदी मिडलमध्ये आणि ताई घरात.

मला सांभाळून घेतलं ते एका हिंदीच्या मास्तरांनी. बिचारे उत्तरेकडून बदली होऊन आलेले, त्यांनाही आम्ही कळत नव्हतो. पहिल्या दिवशी ते म्हणाले, ‘‘शिक्षा बहुत ज़रूरी है,’’ आणि मागच्या बाकावरची मराठी पोरं घाबरून ताठ बसली. आपल्याकडे शिक्षा म्हणजे छडी. ‘खाली’ म्हटलं की आम्ही जमिनीकडे बघायचो, त्यांच्या लेखी ते रिकामं. चेष्टा केली म्हणून ते शाबासकी द्यायचे, आम्हाला वाटायचं टिंगल केल्याबद्दल शाबासकी कशी? सगळ्यात छळलं ते लिंगानं. मराठीत तीन, हिंदीत दोन. आमचं ‘ते पुस्तक’ तिकडे बाई झालं, ‘ते दही’ पुरुष झालं. लिपी तीच, शब्दही पुष्कळसे तेच, म्हणून घरच्यांना वाटायचं की त्यात काय अवघड? खरं तर अवघड तेच होतं. वेगळी लिपी असती तर निदान सगळ्यांना दिसलं असतं की पोरगं परकी भाषा शिकतंय.

आणि ळ गेला. रजिस्टरात काळे होते ते काले झाले, काळबांडे कालबांडे झाले. शाळेच्या दारावर पाटी होती ‘शासकीय शाला’. आजीची शाया, गुरुजींची शाळा, सरकारची शाला. एकाच गावात एका शब्दाची तीन रूपं, आणि अकरा वर्षांचं पोर रोज तिन्हीतून ये-जा करायचं.

हा ळ पुढे बँकेत माझ्यासमोर पुन्हा येऊन बसला. कुणाची सही ‘काळे’, दाखल्यावर ‘काले’, बापाच्या खसऱ्यावर तिसरंच काही. काळे आणि काले ही एकच व्यक्ती असल्याचं शपथपत्र आणा, असं मी स्वतः कित्येक म्हाताऱ्या शेतकऱ्यांना सांगितलं आहे. नियम होता, सांगावंच लागे. पण प्रत्येक वेळी मला ते रजिस्टर आठवायचं.

वर्षाचे सगळे दिवस मात्र हिंदी झाले नव्हते. पोळा आला की वर्ग ओस. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, पोरं लाकडी बैल घेऊन दारोदारी, आणि मोठी माणसं पांढुर्ण्याला जाम नदीवर गोटमार बघायला. पहिल्या वर्षी हिंदीच्या मास्तरांनी हजेरी घेतली, चारच पोरं. त्यांनी विचारलं, ‘‘ये तान्हा पोला क्या होता है?’’ दुसऱ्या वर्षी ते स्वतःच त्यांच्या मुलाला लाकडी बैल देऊन आमच्या गल्लीत आले. मायनं त्याच्या हातावर चार आणे ठेवले. म्हणजे पंचवीस नवे पैसे, पण आम्ही चार आणेच म्हणायचो.

अकरावी करून मी बी.कॉम.ला नागपूरला गेलो. तिथं मला ‘एमपीवाला’ म्हणायचे, कारण माझ्या मराठीत हिंदी शब्द यायचे. पुढे नोकरीत ट्रेनिंगला भोपाळला गेलो तर तिथं ‘महाराष्ट्रवाले भैया’. हिशेब मात्र मी आयुष्यभर मराठीत केला. व्याज काढताना ओठ हलायचे. शाखेतले लोक हसायचे, साहेब मंत्र म्हणतात. पावकी-निमकी होती ती.

आता दहा आणि चाळीस यांची गोष्ट. ही आपल्या लोकांपैकी फार थोड्यांना ठाऊक आहे.

भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं, म्हणून १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनं कलम ३५०-क घातलं गेलं. पण त्याच्याही आधी, ऑगस्ट १९४९ मध्ये, प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत एक माप ठरलं होतं : एका वर्गात किमान दहा किंवा सगळ्या शाळेत किमान चाळीस मुलं त्या भाषेची असतील तर त्या भाषेचा शिक्षक द्यायचा. पुढे हेच माप देशभर धरलं गेलं. म्हणजे मराठी वर्ग टिकणार की नाही हे दिल्ली-भोपाळात जितकं ठरत होतं, तितकंच दर जुलैत आमच्या गल्लीतही ठरत होतं. कोणता बाप कोणत्या रांगेत उभा राहतो त्यावर.

१९८६ मध्ये माझी बदली घराजवळ झाली होती आणि मुलगा पहिलीत जायचा होता. जून संपत आला असताना एका संध्याकाळी मराठी शाळेचे एक गुरुजी घरी आले. सायकल भिंतीला लावली, धोतर झटकलं, ओसरीवर बसले. चहा झाला. मग म्हणाले, ‘‘साहेब, यंदा पहिलीत आठ झालेत. दहा पायजे. तुमच्या घरचं पोरगं आलं तर लोक तुमच्याकडं पाहून येतील.’’

मी काय म्हणालो ते मला शब्दशः आठवतं. म्हणालो, ‘‘गुरुजी, माझी बदलीची नोकरी. उद्या जबलपूर, परवा रायपूर. मराठीत घालून त्याचं नुकसान कसं करू?’’

खोटं काही नव्हतं त्यात. मराठीची पुस्तकं कधी दसऱ्यापर्यंत यायची नाहीत, रिकामी जागा वर्षानुवर्षं भरली जायची नाही, हे मी बघितलं होतं. आणि ताई मी बघितली होती. माझ्या मुलाला कधीतरी अचानक हिंदीत जावं लागेल आणि त्याचं तसं होईल, ही भीती खरीच होती. तेव्हा सुरुवातच हिंदीत करावी, असा माझा हिशेब. गुरुजी उठले. म्हणाले, ‘‘बरोबर आहे साहेब तुमचं.’’ सायकल घेऊन पुढच्या घरी गेले.

त्या वर्षी त्या शाळेत मराठीची पहिली वेगळी भरली नाही. दोन वर्षांनी तो वर्गच हिंदीत मिसळला.

मी कॉमर्सचा माणूस, हिशेब सरळ मांडतो. माझा मुलगा गेला असता तर नऊ झाले असते, दहा नव्हे. एका माझ्यामुळे वर्ग बुडाला असं म्हणणं म्हणजे स्वतःला फार मोठं समजणं. पण त्या संध्याकाळी गुरुजींनी आमच्या गल्लीत सहा-सात दारं ठोठावली होती. प्रत्येकानं हेच म्हटलं असणार, आणि प्रत्येकाचं बरोबरच असणार. असे सगळे बरोबर असलेले जमाखर्च मिळूनसुद्धा शेवटी शिल्लक शून्य निघाली.

ताईला मी हे पुष्कळ वर्षांनी सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, ठीक केलंस. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, ‘‘मी नापास झाली ते मराठीमुळं नाही रे. मराठीत पेपर घेणारं कोणी नव्हतं म्हणून झाली.’’ एवढंच. दोन्हींतला फरक मला, साहेब झालेल्या माणसाला, तोवर कळलेला नव्हता.

मुलगा चांगला शिकला. बदल्यांच्या गावी हिंदीतच वाढला. घरात आमच्याशी मराठी बोलतो, वाचताना अडखळतो, लिहीत नाही. तेव्हा फॉर्मवर त्यानं हिंदी लिहिलं ते अगदी खोटं म्हणावं असंही नाही. त्याचा पहिला हप्ता मीच भरला होता.

मधल्या काळात काय काय झालं. छोटी लाइन २०१५ मध्ये बंद झाली, आता मोठ्या लाइनीवर गाड्या धावतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून नवा पांढुर्णा जिल्हा झाला. १९५५ मध्ये ज्या ‘जिल्हा’ या घटकात आमची रक्कम दिसली नव्हती, त्या घटकात आज आम्ही आलो, सत्तर वर्षांनी. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, इथंही पेढे वाटले. २०२० च्या शिक्षण धोरणात निदान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवावं असं म्हटलं आहे. कागद आज आपल्या बाजूनं आहेत. पण कागदात मातृभाषा कोणती, हे शेवटी घरातल्या माणसानं लिहायचं असतं.

रविवारी नात माझ्याजवळ बसली होती. तिला पाढे शिकवायला घेतले, टेबल्स नव्हे. बे एके बे तिला गाण्यासारखं वाटलं. मधेच म्हणाली, ‘‘आबा, ताईआजी म्हणते शायेत जाय. शाया म्हणजे स्कूल ना?’’ म्हटलं, ‘‘हो. शाया, शाळा, शाला, स्कूल, सगळं तेच.’’ ती म्हणाली, ‘‘मग एवढे का?’’ मला हसू आलं.

सोमवारी मुलगा स्वतःच शाळेत जाऊन फॉर्म दुरुस्त करून आला. मी त्याला काही म्हटलं नव्हतं, हे सगळं लिहून टेबलावर ठेवलं होतं, ते त्यानं वाचलं. अडखळत का होईना, मराठीतलं चार पानं वाचलं. येऊन एवढंच म्हणाला, ‘‘बाबा, त्यांनी विचारलं की चेंज कशाला? मी म्हटलं, मिस्टेक होती.’’

पुढची जनगणना येते आहे, तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. त्यातही मातृभाषेचा रकाना असेल. मुलं कुठल्याही माध्यमात जाऊ द्या, त्यांच्या भल्याचं तुम्हाला जास्त कळतं, त्यावर बोलायचा अधिकार मी १९८६ मध्ये गमावला. पण सौंसर, मोहगाव, रामाकोना, लोधीखेडा, पांढुर्णा, जिथं कुठं आपली घरं आहेत, तिथं त्या रकान्यात घाईनं काही लिहू नका. दहाच्या हिशेबात आपण एकदा कमी पडलो आहोत.

तुमच्या घरी पहिलीचं नाव कोणी, कोणत्या शाळेत घातलं, कोणत्या रांगेत उभं राहून, ते खाली जरूर लिहा. ताईला वाचून दाखवीन. तिला आता बारीक अक्षर दिसत नाही, पण ऐकताना एखादा ळ चुकला तर लगेच ‘हूं’ बंद होतो. अगदी बाबांसारखा.